सारंग शिवलकर सायकल शिकतात

काजळी नदीच्या काठाने फिरायचा नवा रस्ता झाला, तेव्हा रत्नागिरीतल्या माणसांनी तो आपापल्या परीने वापरायला घेतला. डॉक्टरांनी ज्यांना साखर कमी करायला सांगितली होती, ते पहाटे हात हलवत चालू लागले. कॉलेजातली मुलं संध्याकाळी कठड्याला टेकून फोटो काढू लागली. खालच्या वाडीतल्या गंगाने सायकलींसाठी आखलेल्या निळ्या पट्ट्यावर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घातला, कारण इतकं सपाट आणि कोरडं सिमेंट तिने जन्मात पाहिलं नव्हतं. आणि भिकाजी शिवलकरांनी पहिल्याच दिवशी तो रस्ता जहाजांत मोजला.

"पुलापासून जुन्या धक्क्यापर्यंत आठ जहाजं," त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं.

"म्हंजे किती?" जनीने विचारलं.

"माझं शेवटचं जहाज होतं ना, तशी आठ. एकामागं एक लावली तर."

"आणि लावून काय करायचं?" जनी म्हणाली आणि नारळ फोडायला उठली.

भिकाजी शिवलकर म्हणजे वाडीचे सारंग. एकोणिसाव्या वर्षी खलाशी म्हणून मालवाहू जहाजावर चढले. मग सुकाणी झाले, म्हणजे जहाजाचं चाक त्यांच्या हातात आलं, आणि शेवटची बारा वर्षं सारंग होते, सगळ्या खलाशांवरचे मुकादम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते डेकवर चालल्यासारखे चालत. पाय जरा फाकलेले, हात पाठीमागे, आणि रस्ता संपला की टाचेवर गर्रकन वळणं. सकाळी फिरायला येणाऱ्यांना त्यांचा उपयोगही होता. "सारंग, भरती कधी?" असं कोणी विचारलं, की ते कठड्यावरून खाली खारफुटीच्या मुळांकडे एक नजर टाकत आणि सांगत, "पाऊण तासात चिखल झाकेल." झाकायचाही.

या माणसाला जगातल्या तीस-चाळीस बंदरांतली पाण्याची खोली पाठ होती. गाठी चौदा प्रकारच्या येत होत्या. फक्त एक गोष्ट येत नव्हती, आणि ती इतकी साधी होती की कोणी कधी विचारलीच नाही. भिकाजींना सायकल येत नव्हती.

त्यांचं घर उतारावर. वाडीतली पाखाडी म्हणजे नुसत्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या. लहानपणी सायकल कोणाकडे नव्हती, आणि असती तरी चालवणार कुठे? पुढे जहाज आलं. दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. त्या दोन महिन्यांत घराची कौलं फिरवायची, लग्नं-बारशी उरकायची, की परत पेटी भरायची. मुलगा राजेंद्र सायकल शिकला तेसुद्धा त्यांना पत्रातून कळलं. आफ्रिकेतल्या डर्बनच्या बंदरात, टपाल दीड महिना फिरून आलं तेव्हा. 'बाबा, मला सायकल आली. गंगाआत्याने मागून धरली. एकदाच पडलो.' चौथीतल्या मुलाचं अक्षर. ते पत्र भिकाजींनी जपून ठेवलं होतं, पण कोणाला दाखवलं नव्हतं.

गंगा त्यांची चुलत बहीण. जवळा वाळवणारी, तीच.

तर झालं असं. रस्ता सुरू होऊन आठवडा झाला होता. भिकाजी कठड्यापाशी उभे राहून बदलापूरच्या नातीशी, सानवीशी, व्हिडिओ कॉलवर बोलत होते. सानवी नऊ वर्षांची. तिला आबांच्या पाठीमागून सायकली जाताना दिसल्या.

"आबा, तुमच्याकडे सायकलचा वेगळा रस्ता आहे?"

"मग! निळा पट्टा. फक्त सायकलींचा."

"वॉव! तुम्ही चालवता?"

"रोज!" भिकाजी म्हणाले.

हा शब्द कुठून आला ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दीड हजार टन माल चढवताना ज्यांनी कधी एक किलो वाढवून सांगितलं नाही, त्या माणसाच्या तोंडून तो सहज निघून गेला. पण पडद्यावर सानवीचा चेहरा असा काही उजळला, की शब्द मागे घ्यायची वेळ टळून गेली.

"मग दिवाळीला मी आले की आपण दोघांनी चालवायची. पुलापासून शेवटपर्यंत आणि परत! प्रॉमिस?"

"प्रॉमिस," आबा म्हणाले.

दिवाळीला पाच आठवडे होते.

घरी येऊन त्यांनी जनीला सांगितलं. जनी आधी पदर तोंडाला लावून हसली, आणि मग नुसतीच हसत बसली.

"हसायला काय झालं?"

"काय नाय. राजू शिकला तेव्हा नऊ वर्षांचा होता. तुमचं आता चौसष्ट. हाडं मोजून ठेवते, मागाहून कमी पडायला नकोत."

भिकाजी आधी गंगाकडे गेले. राजेंद्राला तिनेच शिकवली होती, तेव्हा गुरू तयार होता असा त्यांचा हिशेब. गंगा जवळा उलथत होती.

"मला कुठं येते सायकल, भिकादादा?" ती म्हणाली.

"अगं, राजूला तूच शिकवलीस ना?"

"मी नुसती मागून धावले. तो आपला आपण शिकला."

म्हणून मग तांबेबाई. नंदा तांबे जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मूळच्या संगमेश्वरकडच्या. पहिली नेमणूक अशा गावी झाली होती, जिथे एसटी दिवसातून एकदा यायची आणि तीही मनात आलं तर. तेव्हा बाईंनी पहिल्या पगारात सायकल घेतली आणि पुढची वीस वर्षं रोज आठ किलोमीटर मारली. आता त्या रोज पहाटे काठावरच्या रस्त्यावर चार फेऱ्या घालत. पुढच्या टोपलीत पाण्याची बाटली आणि छत्री.

भिकाजींनी त्यांना थांबवून, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, खालच्या आवाजात विनंती केली.

"शिकवीन," बाई म्हणाल्या. "पण पावणेसहाला यायचं. उशीर चालायचा नाही. आणि शिवलकर, मी सांगेन ते करायचं. जहाजावर तुम्ही सारंग असाल, इथे पहिलीत आहात."

"होय बाई," भिकाजी म्हणाले. कॅप्टनलासुद्धा त्यांनी इतक्या पटकन होय म्हटलं नव्हतं.

जुनी सायकल त्यांनी मारुती मंदिराकडच्या एका दुकानातून घेतली आणि पहिला आठवडा ती चालवण्याऐवजी सजवण्यात घालवला. गंज खरवडला. साखळीला तेल दिलं. सीटवर जुन्या ताडपत्रीचं कव्हर शिवलं, हँडलच्या मुठींना दोरी गुंडाळून अशी विणली, की बघणाऱ्याने हात फिरवावा. दसऱ्याला जनीने तिला झेंडूचा हार घातला.

"आता चालवायची पण आहे, का नुसती पुजायची?" तिने विचारलं.

चालवायची होती, पण सायकलला ते मान्य नव्हतं. बाई एका हाताने सीट धरत, भिकाजी पायडल मारत, दहा-बारा फूट जात, आणि मग सायकल डावीकडे कलली, की भिकाजी सगळं अंग उजवीकडे झोकून देत. हँडलही उजवीकडे फिरवत. त्याच क्षणी सायकल डावीकडे आडवी. उजवीकडे कलली, की अंग डावीकडे, हँडल डावीकडे, आणि सायकल उजवीकडे आडवी. इतक्या नेमाने, की बाईंनी पाचव्या दिवशी खिशातून खडू काढला आणि सिमेंटवर आकृती काढली.

"शिवलकर, इकडे बघा. सायकल डावीकडे पडायला लागली, तर हँडल कुठे वळवायचं?"

"उजवीकडे."

"चूक. डावीकडे."

भिकाजी आकृतीकडे आणि मग बाईंकडे बघत राहिले. "बाई, बुडत्या बाजूला कोण वळतं?"

"सायकल बुडत नाही, पडते. ज्या बाजूला पडते, त्या बाजूला चाक वळवलं की चाक तुमच्या वजनाखाली येतं. सायकल आपोआप सरळ होते."

"आमच्या आजोबांनी होडीत बसवून पहिली गोष्ट शिकवली," भिकाजी म्हणाले. "होडी डावीकडे कलली, की उजवीकडे सरक. सहा वर्षांचा होतो. त्यानंतर आयुष्यभर तेच केलं आणि म्हणून आज तुमच्यासमोर जिवंत उभा आहे."

"ते होडीत बरोबर आहे. इथे चूक आहे."

"डोक्याला पटलं बाई. अंगाला कोण सांगणार?"

अंगाने ऐकलं नाही. सांगून, समजावून, रागावूनही नाही. डाव्या कोपराला खरचटलं, उजव्या गुडघ्याला खरचटलं, आणि तिसऱ्या आठवड्यात एकदा सायकल अशी सुटली, की थेट गंगाच्या जवळ्यात जाऊन आडवी झाली. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, जवळा अर्धाच सुकला होता. भिकाजी उठले तेव्हा दाढीपासून चपलांपर्यंत जवळा.

"रे मेल्या!" गंगा धावत आली. "तीन दिवसांचं वाळवण माझं!"

"सायकलच्या रस्त्यावर वाळत घालतेस कशाला?"

"आणि सायकलच्या रस्त्यावर तू काय करतोस? तुला कुठं सायकल येते?"

भिकाजी दाढीतला जवळा काढू लागले. तांबेबाई तोंड फिरवून नदीकडे बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. घरी जनीने त्यांना दारातच थांबवलं आणि आधी विहिरीवर पाठवलं. त्या दिवशी वाडीतली दोन मांजरं संध्याकाळपर्यंत भिकाजींच्या पाठीमागे हिंडत होती.

दिवाळीला पाच दिवस उरले तेव्हा भिकाजींनी कपाटातून क्रेप बँडेज काढलं आणि उजव्या गुडघ्याला नीट, एकेक फेर सारखा बसेल असं बांधायला घेतलं. जनी फराळाच्या चकल्या पाडत होती.

"काय झालं गुडघ्याला?"

"काय नाय. सानवी येईल तेव्हा दुखत असेल."

जनीने सोऱ्या खाली ठेवला. एरवी ती अशा वेळी हसली असती, पण आज हसली नाही.

"ओ, तीस-पस्तीस वर्षं मी तुम्हाला पत्रं लिहिली," ती म्हणाली. "छप्पर गळलं, तर गळलं लिहिलं. राजूला टायफॉइड झाला तर तो झाला लिहिलं. तुम्ही तिकडे तळमळाल म्हणून कधी गोड केलं नाय. पोरगी महिनाभर मनात सायकल चालवत येणार हाय, आणि तुम्ही तिला पट्टी दाखवणार?"

"मग काय सांगू? येत नाय म्हणून?"

"येत नाय तर नाय म्हणा. पण अजून पाच दिवस हायत ना?"

भिकाजींनी बँडेज सोडलं. पुन्हा गुंडाळून, टोक आत खोचून, कपाटात ठेवलं. मग तेच म्हणाले, "राजू शिकला तेव्हा मी डर्बनला होतो."

"ठाऊक हाय," जनी म्हणाली आणि पुन्हा सोऱ्या उचलला. "पत्र टाकायला मीच गेलेले."

दुसऱ्या दिवशी ते पावणेसहाच्या आधीच धक्क्यापाशी पोचले. बाई यायच्या होत्या. ओहोटी लागली होती, आणि नदीच्या मुखाशी, जिथे खाडीचं पाणी समुद्राला भेटतं, तिथे लाटा उठत होत्या. एक छोटी होडी बाहेर निघाली होती. भिकाजी सवयीने बघत राहिले. डावीकडून एक लाट आली, आणि होडीवाल्याने काय करावं? होडीची नाळ, म्हणजे पुढचं तोंड, सरळ लाटेकडे केली. होडी वर चढली, खाली उतरली, पुढे निघाली. उजवीकडून तिरकी लाट आली. नाळ उजवीकडे.

बरोबरच आहे, भिकाजी मनात म्हणाले. लाटेला कूस दिली की उलटलास. ज्या अंगाने येते, त्या अंगाला तोंड द्यायचं. हे काय शिकवायला हवं?

आणि मग ते कठड्यापासून वळले आणि त्यांनी सायकलकडे बघितलं.

तांबेबाई आल्या तेव्हा भिकाजी सीटवर बसलेले होते, एक पाय जमिनीवर, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होते.

"काय चाललंय?"

"बाई, मागून धरा फक्त. बोलू नका."

त्यांनी पायडल मारलं. सायकल डावीकडे कलली. 'डावीकडून लाट,' भिकाजी म्हणाले आणि नाळ लाटेकडे केली. सायकल सरळ झाली. उजवीकडे कलली. 'उजवीकडून.' नाळ उजवीकडे. सायकल सरळ. अंगाने एक शब्द उलट काढला नाही, कारण हे त्याला चाळीस वर्षं येतच होतं. बाईंनी सीट कधी सोडली तेही कळलं नाही. अर्धं जहाज झालं. एक जहाज. कठड्याचे खांब मागे पळायला लागले. आणि मग भिकाजींच्या लक्षात आलं की थांबायचं कसं ते शिकायचं राहून गेलंय.

"ब्रेक! शिवलकर, ब्रेक!" मागून बाई ओरडत होत्या.

सुकाण्याच्या हातात चाक असतं, ब्रेक नसतो. भिकाजींनी वेग कमी होऊ दिला, हळूहळू कठड्याच्या जवळ गेले आणि धक्क्याला जहाज लावावं तसे हात लांब करून कठडा धरून थांबले.

"धक्क्याला लागलो," ते धापा टाकत म्हणाले.

बाईंनी खडू काढून त्या जागी सिमेंटवर एक रेघ मारली. "दोनशे मीटर. पहिलीतून दुसरीत."

उरलेल्या चार दिवसांत ब्रेक आला. सरळ जाणंही पक्कं झालं. फक्त एक गोष्ट राहिली. वळून परत फिरणं. निळा पट्टा जेमतेम सहा फुटांचा, आणि जहाज वळवायला समुद्र लागतो. प्रत्येक वेळी टोकाला पोचलं, की भिकाजी उतरत, सायकल उचलून उलट्या दिशेला ठेवत आणि पुन्हा बसत. हा भाग बाकी होता तसाच दिवाळी आली.

पाडव्याच्या दिवशी सकाळी सगळे काठावर आले. राजेंद्र, त्याची बायको दीप्ती, सानवी, आणि घरी थांबते म्हणत शेवटी आलेली जनी. पुलाजवळ सायकली भाड्याने मिळत, तिथून सानवीला लहान सायकल घेतली. ती गुलाबी होती, आणि सानवीला ते फारसं आवडलं नव्हतं, पण आबांच्या सायकलच्या दोरी विणलेल्या मुठी बघून ती ते विसरली.

"आबा, हे तुम्ही केलंत?"

"मग!"

"रेडी?"

"सोडा दोर," भिकाजी म्हणाले.

दोघं निघाले. सानवी पुढे, मग मागे, मग बरोबर. भिकाजी एकदाही मान वळवून बघत नव्हते. ते फक्त समोर बघत होते आणि लाटा मोजत होते. पण कानाला शेजारची छोटी घंटी ऐकू येत होती, आणि सानवीचं न थांबणारं बोलणं, शाळेतल्या बाई, बिल्डिंगमधलं कुत्रं, दोन चाकांची सायकल शिकताना पप्पांनी कसं पार्किंगमध्ये पळवलं. आठ जहाजं कशी संपली कळलं नाही. धक्का आला. भिकाजींनी ब्रेक लावला, उतरले, सायकल उचलली आणि उलट ठेवली.

सानवी ऐटीत गोल फिरून आली आणि थांबली. तिने डोळे बारीक केले.

"आबा, तुम्ही उचलून का ठेवलीत?"

भिकाजींच्या तोंडाशी तीन उत्तरं आली. तिन्ही चांगली होती. चेन, गुडघा, टायर. मग त्यांना सोऱ्या खाली ठेवणारा हात आठवला.

"मला वळता येत नाय," ते म्हणाले. "आणि सानू, मी रोज चालवतो म्हटलं ना? तेव्हा येतच नव्हती. तू येणार म्हणून शिकलो. पाच आठवडे झाले."

सानवी त्यांच्या खरचटलेल्या कोपराकडे बघू लागली. एवढ्यात सगळी वाट मागून धावत आलेला राजेंद्र पोचला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"पाच आठवडे?" तो म्हणाला. "मला आठ दिवस लागले होते."

"एकदाच पडलेलास," भिकाजी म्हणाले.

राजेंद्र त्यांच्याकडे बघत राहिला. "तुम्हाला कसं माहीत?"

"लिहिलं होतंस."

राजेंद्र पुढे आला, वाकला आणि दोन्ही हातांनी सायकलचं कॅरिअर धरलं.

"बसा," तो म्हणाला. "सानू, पुढे जाऊन रस्ता मोकळा ठेव. बाबा, इथे रुंद आहे, धक्क्याच्या पुढच्या चौकात. डावीकडे मोठा गोल घ्या. मी धरलंय."

"सोडू नको हां."

"नाय सोडत."

भिकाजींनी पायडल मारलं. गोल सुरू झाला. सायकल आत कलली, आणि अंग बाहेर पळायला बघत होतं, तर त्याला त्यांनी दटावलं, लाट डावीकडून आहे, नाळ डावीकडे. नदी डोळ्यांसमोरून गेली, मग पूल, मग नारळाची झाडं, एकेक करून, जहाजाच्या पुढच्या काचेतून बंदर फिरत जावं तशी.

"सोडू नको!"

"नाय सोडत!" आवाज आला, पण तो बराच लांबून आला.

आता भिकाजींना कळलं. पण थांबायला वेळ नव्हता, कारण गोल संपवून ते निळ्या पट्ट्यावर आले होते आणि समोर, बरोब्बर मध्यभागी, ते बोलत होते तेवढ्यात पसरलेला गंगाचा जवळा होता. आणि जवळ्याच्या पलीकडे कमरेवर हात ठेवून उभी असलेली गंगा.

"भिकादादा! सायकल तिकडं! तिकडं!"

भिकाजींनी घंटी वाजवली. उजवीकडे कलले, उजवीकडे वळले, जवळ्याच्या कडेने फुटभर अंतर ठेवून गेले, डावीकडे कलले, डावीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले. एक जवळासुद्धा हलला नाही.

गंगाने कमरेवरचे हात काढले. मागून धावत येणाऱ्या राजेंद्राकडे बघून ती म्हणाली, "बघितलंस? आपला आपण शिकला."